कमरेएवढं पाणी आणि पाच एचपी

उंबरजे सरांच्या विहिरीवरची मोटार मे महिन्यातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी सव्वासात वाजता बंद पडली, आणि बंद पडताना तिनं असा काही आवाज काढला की समोरच्या म्हाळसाबाईंनी हातातली चहाची बशी खाली ठेवून "कोण गेलं गं?" असं विचारलं.

मोटारच गेली होती. एकोणीस वर्षांची होती.

धाराशिवच्या कडेला, जिथं प्लॉटिंग संपून ज्वारीची शेतं लागतात, तिथल्या एका गल्लीत शांतलिंग उंबरजे सरांचं घर. गल्लीत घरं अकरा. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही आलं तर. सरांच्या अंगणात मात्र साठ फुटांची बांधीव विहीर होती आणि तिच्या पाण्याची नळी सरांनी मोठ्या मनानं सगळ्या घरांना दिली होती. बदल्यात ते काहीही घेत नसत. म्हणजे नमस्कार घेत. सकाळी फिरायला निघाले की दहा घरांतून दहा नमस्कार यायचे, आणि तेवढ्यावर सरांचा दिवस छान जायचा. त्यामुळं मोटार बंद पडली म्हणजे नुसतं पाणी बंद पडलं असं नव्हतं.

आठ वाजता चाँदपाशा मेकॅनिक आला. एकोणीस वर्षं ही मोटार त्यानंच सांभाळली होती. त्यानं ती वर काढली, उघडली, वास घेतला आणि टोपी सारखी केली.

"वाइंडिंग गेलं, सर. आता हिच्यामागं लागू नका. एक एचपीची नवी ओपनवेल मोटार घ्या, सिंगल फेजवाली. संध्याकाळपातुर बसवून देतो."

सरांनी "बरं" म्हटलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण सरांनी एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं होतं.

"एकच का?" सरांनी विचारलं. "कशावरून?"

"अंदाज हाय, सर. हिरीत पाणी किती, वढायचं किती, ते डोळ्याला कळतंय."

अंदाज! सरांना हा शब्द झुरळासारखा वाटायचा, दिसला की चप्पल शोधावीशी वाटे. ते चाँदपाशाला अगदी सौम्यपणे म्हणाले, "चाँदपाशा, तुमचा अनुभव मोठा आहे. पण निवड शास्त्रीय झाली पाहिजे. मी हिशेब मांडतो, मग आपण ठरवू."

चाँदपाशा हत्यारं पिशवीत भरून गेला. जाताना विहिरीत एकदा डोकावला.

सर हिशेब मांडणार ही बातमी गल्लीत पसरली, तसे सल्लागार अंगणात जमा झाले. पहिले आले शरणबसप्पा. हे ढोकीच्या साखर कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झालेले, आणि जगातली कुठलीही वस्तू ते कारखान्याच्या मापानंच मोजत. "एक एचपी? सर, आमच्याकडं एक एचपीवर साहेबाच्या केबिनचा पंखाबी फिरत नव्हता. माणसानं मोटार घ्यावी तर चाळीसची." चाळीस हा आकडा अंगणात पडल्यावर बाकी सगळे आकडे लहान दिसायला लागले. शेजारच्या सिद्धारामनं मोबाईलवर कुठल्या तरी गावातल्या सोलर पंपाचा व्हिडिओ दाखवला. त्यात पाण्याची धार मांडीएवढी होती आणि मागं ढोल वाजत होता. म्हाळसाबाई म्हणाल्या, "मोटार थोरली घ्या, पर आवाज बारका असू द्या. मेलीनं जिवाला घोर लावला सकाळी."

सरांच्या पत्नी अयोध्याबाई आतून म्हणाल्या, "चाँदपाशा म्हणतात ती आणा आणि मोकळे व्हा."

सल्ला फारच आखूड असल्यामुळं तो कुणी विचारात घेतला नाही.

सरांनी दोरीला दगड बांधून विहिरीची खोली मोजली. शरणबसप्पांनी दोरीवरच्या गाठी मोजल्या, सरांनी दुसऱ्यांदा मोजल्या, आणि वहीत ठसठशीत अक्षरात लिहिलं : खोली ६०. मग गच्चीवरच्या टाकीची उंची मोजली आणि लिहिलं : उंची २५. पुढच्या दोन दुपारी सर वहीवरून उठले नाहीत. पाइपातलं घर्षण, वळणांचा विरोध, अकरा घरांची एकाच वेळची गरज, मोटारीची कार्यक्षमता, सगळं आलं. चार पानं भरली. शेवटच्या पानावर उत्तराभोवती दुहेरी चौकट आखून सरांनी चष्मा काढला, तेव्हा एखाद्या ग्रहाची कक्षा शोधल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

उत्तर चार पूर्णांक सहा. म्हणजे पाच एचपी.

त्यांनी चाँदपाशाला मुद्दाम बोलावून वही दाखवली. चाँदपाशानं चारही पानं सावकाश उलटली.

"अक्षर लई चांगलं हाय, सर."

"अक्षराचं राहू द्या."

"सर, हिरीत पाणी कमरेएवढं हाय. उन्हाळ्याचे दिवस. झरा करंगळीएवढा. पाच एचपीला पाजायचं काय?"

"ते झऱ्याचं गणित निराळं आहे."

"व्हय," चाँदपाशा म्हणाला, "ते झऱ्यालाच माहीत."

हा टोमणा होता की नाही याचा सर संध्याकाळपर्यंत विचार करत राहिले. शेवटी तो टोमणाच होता असं त्यांनी ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी एकटेच बाजारात जाऊन पाच एचपीचा पंप घेऊन आले. दुकानदारानं अडवलं नाही. पाच एचपी मागणाऱ्याला एक एचपी देणारा दुकानदार अजून जन्माला यायचा आहे. पंप ऑटोत ठेवल्यावर सरांना बसायला जागा उरली नाही, म्हणून ते पंपावरच बसून गल्लीत आले. शरणबसप्पांनी लांबूनच हात जोडले. ते हात सरांना जोडले की पंपाला, हे नीट कळलं नाही.

बसवायला आलेल्या चाँदपाशानं खोकं उघडलं. वायरीकडं बघितलं. मग सरांच्या मीटरकडं बघितलं.

"सर, ह्याला तीन फेज लागतात. तुमच्याकडं एकच हाय."

"माहीत आहे," सर म्हणाले.

त्यांना माहीत नव्हतं. या गोष्टीतला हा सरांचा पहिला खोटेपणा, आणि तो इतक्या सहज निघाला की सरांनाच नवल वाटलं.

तीन फेजच्या जोडणीसाठी सर विजेच्या ऑफिसात गेले. खिडकीतले गृहस्थ अतिशय सभ्य होते. सभ्य माणसाशी भांडता येत नाही, हीच तिथली मोठी अडचण.

"विहीर शेतीची, घरगुती की व्यापारी?"

"घरगुती."

"किती घरं पाणी घेतात?"

"अकरा," सर जरा ताठ होऊन म्हणाले.

"अकरा घरं म्हणजे घरगुती कसं होईल, सर? दहा घरांची ना-हरकत आणा. आणि विहिरीचा पुरावा."

पुरावा काढायला गेल्यावर कळलं की जुन्या सातबाऱ्यावर विहीर होती, पण प्लॉट पडले तेव्हा नव्या नकाशात त्या जागी "मोकळी जागा" असं लिहिलं गेलं. कागदोपत्री सरांच्या अंगणात विहीर नव्हतीच. एकोणीस वर्षं गल्ली मोकळ्या जागेतून पाणी पीत होती. शेवटी त्या सभ्य गृहस्थांनीच मार्ग सुचवला. अर्जदाराचा विहिरीसोबत फोटो जोडायचा, चेहरा आणि पाणी दोन्ही स्पष्ट दिसलं पाहिजे. साठ फूट खालचं पाणी आणि काठावरचा चेहरा एका फोटोत आणण्यासाठी सर ज्या ज्या कोनांत वाकले, ते शेजारच्यांनी गच्चीवरून पाहिलं. सिद्धारामनं त्याचा व्हिडिओ केला. तो किती जणांनी बघितला हे सरांना कुणी सांगितलं नाही. दोन दिवस दूधवाला मात्र कारण नसताना हसत होता.

यात बारा दिवस गेले. बारा दिवस गल्लीतल्या बायका रहाटाची जुनी चाकं घासूनपुसून पाणी शेंदत होत्या. अयोध्याबाईंच्या तळहाताला फोड आले. चाँदपाशा मध्ये एकदा येऊन म्हणाला, "सर, दुकानात एक जुनी मोटार पडून हाय. तुमची लाईट येईपातुर सोडू का खाली? बायामाणसांचे हाल व्हायलेत."

"तात्पुरत्या गोष्टी मला पटत नाहीत," सर म्हणाले.

अयोध्याबाई शेंदता शेंदता थांबल्या. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं, मग पुन्हा दोर ओढायला लागल्या. रहाट करकरत राहिला. सरांनी पेपर उघडला, पण त्या दिवशीचा एकही मथळा त्यांच्या लक्षात राहिला नाही.

जोडणी मिळाली शनिवारी. रविवारी शरणबसप्पांच्या अर्पिताला बघायला भूमचे पाहुणे येणार होते. शरणबसप्पा काळजीत होते, घरात वीस माणसं आणि टाकीत खडखडाट. सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्या पाहुण्यांच्या पंगतीला नळ सुरू असतील. माझा शब्द."

रविवारी दुपारी चाँदपाशा पंप खाली सोडून, सगळं जोडून वर आला तेव्हा घामानं भिजला होता.

"सर, एक आयकता का? पाइप जुना हाय, सांधे बदलू द्या. न्हायतर निदान आज नुसतं दोन मिनिटं चालवून बघू."

"पाहुणे जेवायला बसलेत," सर म्हणाले, आणि त्यांनी नारळ फोडला. गल्ली जमली होती. सरांना चार शब्द बोलायचे होते, ते चौदा मिनिटं बोलले. मग बटण दाबलं.

पहिली तीन मिनिटं सरांच्या आयुष्यातली फार सुंदर मिनिटं होती. टाकीत पाणी असं कोसळलं की गच्चीवरून धबधब्याचा आवाज आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी चाँदपाशाकडं नुसतं बघितलं, म्हणजे बोलायची गरजच ठेवली नाही.

चौथ्या मिनिटाला गच्चीवरचा सांधा उडाला. पाण्याचा फवारा सरांच्या गच्चीवरून निघाला, गल्ली ओलांडून गेला आणि समोर म्हाळसाबाईंनी सहा चादरींवर वाळत घातलेल्या वर्षाच्या कुरडयांवर उतरला. म्हाळसाबाई काय ओरडल्या ते पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. पुढं तीन दिवस त्यांनी ते पुन्हा पुन्हा म्हणून दाखवलं, त्यामुळं कुणाचं काही हुकलं नाही.

वर चढून चाँदपाशानं सायकलची ट्यूब गुंडाळून सांधा कसाबसा बांधला आणि ओरडला, "सर, बंद करा! तळ लागतोय!"

"चालू द्या," सर म्हणाले. "पंगत बसली आहे."

बाराव्या मिनिटाला पाण्याचा रंग बदलला. आधी पातळ चहासारखा झाला, मग दाट चहासारखा, आणि मग तो चहाशी संबंध सोडून सरळ काळा झाला. विहिरीच्या तळाशी एकोणीस वर्षं शांत पडलेला गाळ अकरा घरांच्या नळांना आला. नेमक्या त्याच वेळी शरणबसप्पांच्या मागच्या अंगणात मुलाचे वडील जेवण आटोपून चूळ भरायला नळापाशी गेले होते. ओंजळ तोंडाला लावल्यावर त्यांनी डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत.

मग विहिरीपाशी 'टक' असा आवाज झाला आणि पंप आपोआप थांबला.

सगळी गल्ली सरांच्या फाटकापाशी आली. म्हाळसाबाईंच्या हातात भिजून लगदा झालेल्या कुरडयांची परात होती. शरणबसप्पांच्या हातात काळ्या पाण्याचा तांब्या होता. सगळे फक्त सरांकडं बघत होते, आणि ही नजर सकाळच्या नमस्कारांतली नव्हती.

तेव्हा सरांनी जे केलं ते सांगताना सांगणाऱ्यालाही जड जातं. त्यांनी मान वळवली, चाँदपाशाकडं बोट केलं आणि वर्गात वापरायचे त्या आवाजात म्हणाले, "अरे, काय जोडून ठेवलंस तू हे? फिटिंग येत नव्हतं तर तसं सांगायचं! का मुद्दाम केलंस? तुझं ऐकलं नाही म्हणून?"

एकोणीस वर्षांत सरांनी चाँदपाशाला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

चाँदपाशाच्या दाढीतून गाळाचे थेंब पडत होते. मग त्यानं पाने, पकडी एकेक करून पिशवीत भरल्या आणि सरांकडं न बघता बायकांना म्हणाला, "दोन दिवस हे पाणी लेकरांना देऊ नका. उकळूनबी न्हाय. गाळ बसू द्या."

त्याची मोटारसायकल किक मारून सुरू होईना. तो ती ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत गेला. गल्ली लांब होती. सगळ्यांनी त्याला शेवटपर्यंत जाताना बघितलं, फक्त सर पंपाच्या खोक्यावरची अक्षरं वाचत होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी कंपनीला तक्रार लिहिली. तिच्यात "स्थानिक कारागिराचा निष्काळजीपणा" असे शब्द दोनदा आले. बुधवारी कंपनीकडून इंजिनिअर आली. फाटकातूनच वाकून तिनं नमस्कार केला. "सर, मी शुभांगी. बारावी सायन्स, ब तुकडी. तिसऱ्या बाकावर असायचे."

सरांना इतक्या दिवसांनी पुन्हा बरं वाटलं. त्यांनी तिला खुर्ची दिली, अयोध्याबाईंना चहा टाकायला सांगितलं आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं तक्रार सांगितली. शुभांगीनं पंपाची जोडणी तपासली. भिंतीवरच्या पेटीत डोकावली. मग तिनं विचारलं, "हे फिटिंग कुणी केलंय, सर?"

"तेच तर! सगळा घोळ तिथंच आहे."

"नाही सर, फारच चांगलं काम आहे. आणि ही छोटी पेटी बघितलीत? विहिरीतलं पाणी संपलं की मोटार आपोआप बंद पडते. तुमच्या बिलात ही नाही. त्यानं स्वतःच्या दुकानातली लावलेली दिसते. ही नसती तर मोटार रविवारीच जळली असती."

सरांचा हात कपाकडं गेला होता, तो तिथंच राहिला.

"फक्त एवढा मोठा पंप कुणी निवडला, ते कळत नाही," शुभांगी म्हणाली.

आता सरांच्या जिवात पुन्हा जीव आला. त्यांनी वही आणली. शुभांगी पहिलं पान वाचून कौतुकानं हसली. दुसऱ्या पानावर ती थांबली. एकदा विहिरीकडं बघितलं, एकदा वहीकडं. वर्गात उत्तर येतंय पण बोलायचा धीर होत नाही, तेव्हा करायची तसा तिनं चेहरा केला. मग खुर्ची पुढं ओढून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "सर, हे साठ… फूट आहेत ना?"

"अर्थात."

"इथं खाली मीटर धरलेत."

अंगणात चिमण्या होत्या. त्यांचं बोलणं चालू राहिलं. सरांनी वही जवळ घेतली. साठ. पुढं काहीच लिहिलेलं नव्हतं, नुसतं साठ. आणि पंचवीस. खाली सूत्रात ते दोन्ही आकडे मीटर होऊन बसले होते. एकक लिहिलं नाही म्हणून सरांनी एकतीस वर्षांत किती पोरांचा अर्धा अर्धा मार्क कापला असेल, याची गणती नव्हती. बारावीच्या ब तुकडीतल्या तिसऱ्या बाकाचाही कापला होता. ते दोघांनाही आठवलं.

"मी अहवालात लिहिते, जागेच्या मानानं पंप मोठा आहे," शुभांगी हळूच म्हणाली. "पंप शाबूत आहे, दुकानदार बदलून देईल. तक्रार मात्र मागं घ्या, सर. त्या माणसाची काही चूक नाही."

जाताना ती पुन्हा पाया पडली. सरांनी आशीर्वादाला हात उचलला, पण तो तिच्या डोक्यापर्यंत न्यायला त्यांना फार कष्ट पडले.

तक्रार त्यांनी त्याच दिवशी मागं घेतली. ती कागदावरची होती, सोपी होती. गल्लीसमोर केलेली राहिली.

गुरुवारी सर चाँदपाशाच्या दुकानी गेले. वाटेत त्यांनी तीन वाक्यं पाठ केली होती. पण दुकानात भूमकडचे दोन शेतकरी बसलेले होते. सर म्हणाले, "एक टेफ्लॉन टेप द्या." चाँदपाशानं नळाच्या सांध्याला गुंडाळायची ती पांढरी फीत दिली. सर आले परत. शुक्रवारी गेले तर त्याची बायको रजियाबी गल्ल्यावर होती. "ते ढोकीला गेलेत कामाला. काय निरोप द्यू का, सर?" सरांनी निरोपाचा विचार केला. माफीचा निरोप कसा देतात? "एक टेफ्लॉन टेप द्या," ते म्हणाले. शनिवारी चाँदपाशा एकटाच होता. सरांनी गळा साफ केला. चाँदपाशानं न विचारताच टेप काढून समोर ठेवली.

रस्त्यानं येताना सर मागच्या गल्लीतून यायला लागले होते. शरणबसप्पा भेटलेच तर स्वतःहून सांगत, "भूमवाल्यांचा होकार आला, सर. फक्त लग्नात पाण्याचं आम्ही बघू म्हणाले." आणि मग खो खो हसत. हसण्यात राग नव्हता, तेच जास्त लागायचं.

रविवारी अयोध्याबाईंना सरांच्या सदऱ्याच्या खिशांत तीन टेपा सापडल्या. त्यांनी त्या ओळीनं टेबलावर मांडल्या.

"हे काय?"

सरांनी सगळं सांगितलं. फूट, मीटर, पेटी, शुभांगी. सांगताना ते टेपांकडं बघत होते.

अयोध्याबाईंनी ऐकून घेतलं. मग फोडाची कातडी निघालेला तळहात त्यांच्यासमोर धरला. "तुमची लाज तुमच्यापाशी ठेवा. ती कधी संपायची ते संपू दे. मला भांडी घासायला पाणी लागतं." आणि नवऱ्यासमोरच फोन लावला. "चाँदभाई, मी बोलते, अयोध्या. यांचं सोडा. तुमच्या बहिणीसाठी एक एचपीची मोटार घेऊन या."

सोमवारी दुपारी दोन वाजता चाँदपाशा मोटार घेऊन आला. सरांना "नमस्ते" म्हणाला, बाकी काही नाही. पाच एचपीचा पंप दोघांनी मिळून वर ओढला. मग लोखंडी कड्या धरून चाँदपाशा खाली उतरला आणि सर काठावर दोर धरून उभे राहिले.

ऊन रणरणत होतं. गल्ली झोपली होती. अयोध्याबाई आत होत्या. सरांनी इकडंतिकडं बघितलं. समोर कुणी नाही, आणि ज्याची माफी मागायची तो साठ फूट खाली, त्याला आपला चेहराही दिसत नाही. माफी मागायला याहून सोयीची जागा मिळणार नव्हती. सर काठावर वाकले.

"चाँदभाई."

"हां, दोर ढिला सोडा."

सरांनी सोडला. "चाँदभाई, त्या दिवशी… चूक माझी होती."

"काय?"

"चूक. माझी होती."

"आयकू येईना, सर! हीर घुमायली. मोठ्यानं बोला!"

सरांनी पुन्हा गल्लीकडं बघितलं. "माझी चूक होती!"

"कशाची?"

"गणिताची! हिशेब माझा चुकला होता!"

"अन् फिटिंग?"

"फिटिंग बरोबर होतं!"

"कुणाचं?"

"तुमचं!" सर आता काठावर छाती टेकून पूर्ण आवाजात ओरडत होते. "तुमचं फिटिंग बरोबर होतं! मुद्दाम केलं म्हणालो ते साफ खोटं होतं! मला फुटाचे मीटर करता आले नाहीत! तुम्ही सांगत होता ते मी ऐकलं नाही, आणि सगळ्यांसमोर तुम्हाला नको ते बोललो!"

विहिरीनं ते सगळं घेतलं, आत दोनदा फिरवलं आणि मोठं करून वर सोडलं. 'नको ते बोललो' हे तर तिनं तीनदा म्हटलं.

सरांनी मान वर केली. गच्च्यांवर माणसं उभी होती. शरणबसप्पा बनियनवर. सिद्धाराम, पण मोबाईल खाली धरून. म्हाळसाबाई, डोक्यावर पदर. दारात अयोध्याबाई. कुणी हसत नव्हतं. सर हसण्याची वाट बघत राहिले, ते आलं असतं तर फार बरं झालं असतं.

खालून दोराला झटका बसला. चाँदपाशा एकेक कडी धरत वर आला, काठावर बसला आणि टोपी पिळून पुन्हा डोक्यावर घातली. सरांनी त्याला पाण्याचा तांब्या दिला. तो त्यानं संपवला.

"चाँदभाई," सर खालच्या आवाजात म्हणाले, "खरंच ऐकू येत नव्हतं का हो तुम्हाला?"

"पहिल्याच टायमाला आलं व्हतं, सर," चाँदपाशा तांब्या परत देत म्हणाला. "पर त्या दिवशी तुम्ही बोलला, ते समद्या गल्लीनं आयकलं व्हतं."

मग तो उठला, पेटीचं झाकण लावलं आणि बटणाकडं बोट करून म्हणाला, "आता दाबा."